आई-बाबांना घेऊन लंडनच्या मधल्या पार्कांतून: सकाळी नको, दुपारी निघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, मे अखेरीस आई-बाबा येतायत, दोघंही सत्तरीच्या आसपास, बाबांचे गुडघे कुरकुरतात पण इतिहासाची आवड दांडगी, आईला झाडं-पक्षी आवडतात, आणि एक दिवस हातात आहे तर वरून उघड्या असलेल्या टूरिस्ट बसमध्ये बसवायचं की सेंट जेम्सपासून केन्सिंग्टनपर्यंत पार्कांमधून चालवत न्यायचं. त्यावर एकाने लिहिलंय की चार-चार पार्कं काय बघायची, सगळीकडे झाडंच असतात. मी इथे बरीच वर्षं राहतोय, घरी येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याला हा रस्ता दाखवलाय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

चालतच न्या. पण दोन गोष्टी पाळा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जा आणि दुपारी निघा.

आधी दुपारचं सांगतो कारण सगळे ब्लॉग सकाळी निघा म्हणतात. सकाळी अकराच्या सुमाराला बकिंगहॅम पॅलेससमोर गार्ड बदलायचा कार्यक्रम असतो (रोज नसतो, साधारण सोम-बुध-शुक्र-रवि, तरी त्या आठवड्याचं बघून घ्या) आणि तेव्हा तिथे अशी गर्दी होते की आईला समोरच्याच्या मोबाइलशिवाय काही दिसणार नाही. माझं स्पष्ट मत, ज्येष्ठ माणसांबरोबर असाल तर तो सोडून द्या. मे अखेरीस इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे सकाळी घरी आरामात आंघोळ-नाश्ता, लवकर जेवण आणि दोनच्या सुमाराला वेस्टमिन्स्टर स्टेशनला उतरायचं, तरी हातात सहा-सात तास राहतात. वेस्टमिन्स्टरला लिफ्ट आहे, तेही बरं. फक्त शनिवार टाळा, कारण जूनमधल्या राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाच्या तालमी त्याच सुमाराच्या शनिवारी असतात आणि मॉल नावाचा तो लाल रस्ता, हॉर्स गार्ड्स वगैरे बंद करून टाकतात.

स्टेशनबाहेर बिग बेनचे फोटो उरकले की पार्लमेंट स्क्वेअरमध्ये गांधीजींचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला, तिथे पाच मिनिटं आणि लगेच सेंट जेम्स पार्कात शिरा. अडीच ते तीनच्या मध्ये डक आयलंडच्या कॉटेजजवळ पेलिकनना मासे घालतात, म्हणून दोनला उतरा म्हटलं. १६६४ मध्ये रशियाच्या वकिलाने दुसऱ्या चार्ल्स राजाला पेलिकन भेट दिले तेव्हापासून इथे पेलिकन आहेत. दिसायला एकदम सोज्वळ, पण २००६ मध्ये यातल्या एकाने लोकांदेखत जिवंत कबूतर गिळलं होतं, त्यामुळे फार जवळ जाऊन सेल्फी नको.

इथे बाकावर बसवून बाबांना सांगा की हे पार्क ज्याने मांडलं आणि लोकांना खुलं केलं तो हाच दुसरा चार्ल्स, आणि पोर्तुगालच्या कॅथरीनशी त्याचं लग्न ठरलं तेव्हा १६६१ च्या करारात आपली मुंबई त्याला हुंड्यात मिळाली. पुढे १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. दहा पौंडात आज या पार्कातल्या कॅफेत दोन कॉफ्या आणि एखादा केक येईल. त्याच्या वेळी इथे सरळसोट कालवा होता, आजचा वळणावळणाचा तलाव १८२० च्या दशकात जॉन नॅशने केला.

तलावावर मधोमध ब्लू ब्रिज म्हणून छोटा पूल आहे. अख्ख्या रस्त्यात एकच फोटो काढायचा असेल तर तो इथून. एका बाजूला झाडांमधून बकिंगहॅम पॅलेस, दुसऱ्या बाजूला व्हाइटहॉलचे मनोरे आणि घुमट आणि त्यांच्या मागून डोकावणारं लंडन आय. दुपारी ऊन पॅलेसच्या मागच्या बाजूला सरकत जातं म्हणून पॅलेसचा फोटो काळपट येतो पण व्हाइटहॉलचा झकास येतो. निघायच्या आधी कॅफेजवळच्या टॉयलेटला जाऊन या सगळ्यांनी, कारण यानंतरची सोय एकदम हाइड पार्कात धरून चाला.

पॅलेसच्या समोरून फार रेंगाळू नका, बाहेरून बघायला ती एक मोठी करडी इमारत आहे, झेंडा वगैरे बघून उजवीकडच्या कॅनडा गेटने ग्रीन पार्कात घुसा. ग्रीन पार्कात बघण्यासारखं तसं काही नाही आणि तीच त्याची मजा. तळं नाही, फुलांचे वाफे नाहीत, नुसते प्लेन आणि लाइमचे (लिंबाचं झाड नव्हे, लिंडन) मोठे वृक्ष आणि गवत. फुलं का नाहीत याची एक दंतकथा सांगतात की राजेसाहेब दुसऱ्या कुणासाठी इथली फुलं तोडताना कॅथरीन राणीला सापडले (हो, तीच, मुंबईवाली) आणि तिने चिडून सगळी फुलझाडं उपटायला लावली. खरंखोटं देव जाणे, पण आईला ही गोष्ट नक्की आवडेल. मार्चमध्ये इथे पिवळे डॅफोडिल्स असतात, तुम्ही येणार तोवर ते संपलेले असतील. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या आरामखुर्च्या मांडलेल्या दिसतील, त्या फुकट नसतात, भाडं असतं, बाकं फुकट आहेत. बाबा दमले असतील तर ग्रीन पार्क स्टेशन इथेच आहे, लिफ्टवालं, तिथून सरळ घरी जाता येतं. पूर्वेकडून पश्चिमेकडे जा म्हणायचं एक कारण हेच, की नेमाने अर्ध्या-पाऊण तासावर एक बाहेर पडायची जागा लागते आणि जसजसं पुढे जाल तसतशी गर्दी विरळ होत जाते, उलट दिशेने गेलात तर संध्याकाळी दमलेले असताना नेमके पॅलेसच्या गर्दीत जाऊन पडता.

ग्रीन पार्काच्या कडेने कॉन्स्टिट्यूशन हिलवरून चढ चढत (चढ म्हणजे नावालाच) वरच्या टोकाला आलात की चार दगडी खांब दिसतील, हे मेमोरियल गेट्स. २००२ मध्ये राणीच्या हस्ते झालेलं स्मारक, दोन्ही महायुद्धांत लढलेल्या भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनमधल्या ५० लाख लोकांचं. टूरिस्ट याच्या बाजूने सरळ निघून जातात. तुम्ही थांबा. बाजूला एक छोटी छत्री आहे, तिच्या घुमटाच्या आतून व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉसवाल्यांची नावं कोरलीयत. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता, माणगावकडचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये, मरणोत्तर, आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव १९४५ मध्ये. बाबांना मान वर करून ती नावं शोधू द्या, घाई करू नका.

आता या रस्त्यातला सगळ्यात कटकटीचा भाग, हाइड पार्क कॉर्नर. भयंकर ट्रॅफिक, मधे बेट, बेटावर वेलिंग्टन आर्च. भुयारी मार्गाने जायच्या भानगडीत पडू नका, पायऱ्या आणि पाट्यांचा गोंधळ, वरूनच सिग्नलने दोन टप्प्यांत ओलांडा. सिग्नलच्या खांबावर एक बटण खूप उंच लावलेलं दिसेल, ते घोड्यावर बसलेल्या माणसासाठी आहे, नातवंडं बरोबर असतील तर त्यांना दाखवा. आर्चच्या समोर पिवळसर दगडाचं घर आहे ते अॅप्सली हाउस, वेलिंग्टनचं घर. वेलिंग्टन म्हटलं की सगळे वॉटर्लू म्हणतात पण त्याआधी, २३ सप्टेंबर १८०३ ला, हा गडी आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला होता आणि ती लढाई त्याला जड गेली होती, म्हातारपणीसुद्धा आपली सगळ्यात चांगली कामगिरी कोणती विचारल्यावर त्याने असईचं नाव घेतलं असं सांगतात. त्याच्या दख्खनच्या मोहिमेतल्या अधिकाऱ्यांनी त्याला भेट दिलेला चांदीचा डिनर सेट या घरात ठेवलाय. आत जायचं तर वेगळं तिकीट आणि वेगळा दिवस ठेवा, पार्काच्या दिवशी म्युझियम घुसडू नका.

बाजूच्या दगडी खांबांच्या कमानीतून हाइड पार्कात शिरलात की आवाज हळूहळू मागे पडतो. हे पार्क ३५० एकर आहे, आठव्या हेन्रीने १५३६ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या मठवाल्यांकडून शिकारीसाठी घेतलेली जमीन. सगळं बघायचा हट्ट नको. स्पीकर्स कॉर्नर, म्हणजे कुणीही उभं राहून भाषण ठोकतो ती जागा, पार ईशान्येच्या कोपऱ्यात आहे आणि तिथे खरी मजा रविवारीच असते, सोडा. डावीकडे रोझ गार्डन, गुलाब जूनमध्ये भरात येतात पण मे अखेरीसही बाकीची फुलं भरपूर असतात, आणि तिथून पुढे सर्पेन्टाइन तलाव. हा तलाव १७३० मध्ये कॅरोलाइन राणीने वेस्टबोर्न नावाची नदी अडवून करवला. तलावाच्या दक्षिण काठानेच चाला, रस्ता सपाट आहे, दर थोड्या अंतरावर बाक आहेत, पाण्यात हंस आणि पायडलच्या बोटी. याच बाजूच्या मोकळ्या जागेत १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाचा काचमहाल उभा होता आणि त्यात कोहिनूर ठेवला होता, आता तिथे पोरं फुटबॉल खेळतात. उन्हाळ्यात मोठ्या कॉन्सर्टसाठी पार्काचा काही भाग कुंपण घालून बंद करतात पण तलावाच्या या काठाला सहसा धक्का लागत नाही.

लिडोजवळ (तलावातली पोहायची जागा) कॅफे आणि टॉयलेट, चहा इथे घ्या. चहा आपल्यासारखा मिळणार नाही हे आईला आधीच सांगून ठेवा, त्यापेक्षा थर्मास आणि डब्यात दशम्या-चटणी न्या, गवतावर बसून खायला कुणी अडवत नाही. थोडं पुढे डायना मेमोरियल फाउंटन. फाउंटन म्हणून कारंजं शोधत बसाल तर फसाल, ते जमिनीवर आखलेलं मोठं लंबगोल दगडी पात्र आहे, २००४ मध्ये उघडलं, कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटचे ५४५ तुकडे जोडून केलेलं. वरच्या टोकातून पाणी दोन्हीकडे वाहतं, एका बाजूला शांत, दुसऱ्या बाजूला खळखळत, आणि खाली एकत्र येतं. त्यात चालायला मनाई आहे पण काठावर बसून पाय बुडवता येतात. पाणी गारेगार असतं. बाबांच्या गुडघ्यांना इथे अर्धा तास द्या, एक छोटा टॉवेल पिशवीत ठेवा, बाकी काही विसरलात तरी चालेल.

पुलापलीकडे केन्सिंग्टन गार्डन्स सुरू होतं. तलाव तोच, पण इथे त्याला लाँग वॉटर म्हणतात आणि एकदम गावाबाहेर आल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर अख्ख्या रस्त्यातला हा सगळ्यात सुंदर तुकडा, आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला तर फारच. पश्चिम काठाने पीटर पॅनच्या पुतळ्याकडे चालत जा. हा पुतळा लेखक बॅरी यांनी स्वतः करून घेतला आणि १९१२ च्या १ मेच्या सकाळी मुलांना जादूने उगवल्यासारखा दिसावा म्हणून रातोरात बसवला. इथल्या झाडांवर हिरवे पोपट दिसतील, गळ्यात गुलाबी पट्टा, लाल चोच. आई म्हणेल हे तर आपले पोपट, आणि ते अगदी बरोबर आहे, आपल्याकडचीच जात, पिंजऱ्यातून सुटलेल्यांची ही पिलावळ आता थंडीलाही दाद देत नाही. लोक हातावर सफरचंद ठेवून त्यांना बोलावताना दिसतील, पण खायला घालू नका अशी पार्कवाल्यांची विनंती आहे, आणि नुसतं बघण्यातही काही कमी पडत नाही.

उत्तर टोकाला इटालियन गार्डन्स, खरी कारंजी इथे आहेत. इथे बाबांकडे बघा. थकले असतील तर समोरच लँकेस्टर गेट स्टेशन आहे, दिवस इथे संपवला तरी काही राहिलं असं वाटणार नाही. दम असेल तर नैर्ऋत्येला राउंड पाँडकडे या, पलीकडे केन्सिंग्टन पॅलेस, व्हिक्टोरिया राणी १८१९ मध्ये इथे जन्मली, बाहेर तिचा पांढरा पुतळा आहे तो तिच्याच मुलीने, लुईसने घडवलाय. पॅलेसच्या आत जाऊ नका, एवढ्या उशिरा ते बंदही झालेलं असेल.

शेवट अल्बर्ट मेमोरियलवर करा. १७६ फूट उंच, सोन्याने मढवलेला अल्बर्ट, व्हिक्टोरिया राणीचा नवरा, मधे बसलेला, फार भडक आहे खरं तर, माझ्या बायकोला अजिबात आवडत नाही. पण कोपऱ्यातला आशियाचा हत्ती बघा आणि मग बाबांना विचारा की याच्या आर्किटेक्टने मुंबईत काय बांधलंय. सर गिल्बर्ट स्कॉट. आपला राजाबाई टॉवर आणि युनिव्हर्सिटीचा कॉन्व्होकेशन हॉल त्याच्याच डिझाइनचे, आणि तो मुंबईला कधी आलाच नाही, लंडनमधून नकाशे पाठवले. ते टोकदार कळस आणि नक्षी बघून ओव्हल मैदानावरून दिसणारा टॉवर आठवतो की नाही सांगा.

अंतर सरळ गेलं तर पाच किलोमीटरच्या आसपास, असे वळसे घेत सहा-सात. अल्बर्ट हॉलसमोरून ९ नंबरची बस पकडा, ती पिकॅडिलीमार्गे परत ट्रॅफल्गर स्क्वेअरकडे जाते, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर तुमची ती टूरिस्ट बसही साध्या तिकिटात होऊन जाते. मे असला तरी जॅकेट आणि छत्री हवीच. केन्सिंग्टन गार्डन्सची फाटकं अंधार पडताना बंद होतात, हाइड पार्क मात्र मध्यरात्रीपर्यंत उघडं असतं.

आणि हे त्या "सगळीकडे झाडंच" वाल्या मित्रासाठी पण, जर दुसरा अर्धा दिवस मिळाला तर रीजंट्स पार्कातून प्रिमरोज हिलवर जा, वरून लंडन दिसतं, आणि मागच्या बाजूने उतरलात की चालत थोड्याच अंतरावर १० किंग हेन्रीज रोड आहे, १९२१-२२ मध्ये बाबासाहेब शिकायला होते तेव्हा राहिले ते घर, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं. उघडायच्या वेळा आधी बघून जा, नाहीतर बाहेरची निळी पाटी बघून परत यावं लागेल.