केडीव्ही समीकरण अरैखिक असताना त्यात अनंतमितीय ली बीजगणित कुठून येतं?

तुमचा प्रश्न असा आहे: केडीव्ही (कोर्टेवेग-द फ्रीस) समीकरण अरैखिक आहे, त्याच्या दोन उत्तरांची बेरीज केली की तिसरं उत्तर मिळत नाही. ली बीजगणित (सलग बदलणाऱ्या सममितींचं बीजगणित) मात्र रैखिक अवकाशावर काम करतं. मग ते इथे शिरलं कसं, की ही नंतर वरून चढवलेली भाषा आहे?

वरून चढवलेली नाही. मला हे पटलं ते एका छोट्या आकडेमोडीमुळे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

उथळ पाण्यातल्या लाटेचं हे समीकरण कोर्टेवेग आणि द फ्रीस यांनी १८९५ मध्ये मांडलं. १८३४ मध्ये स्कॉटलंडमधल्या युनियन कालव्याच्या काठाने जॉन स्कॉट रसेल घोड्यावरून ज्या एकट्या लाटेच्या मागे गेला, तिचा आकार या समीकरणातून निघतो. नेहमीच्या मांडणीत (अरैखिक पदाचा सहगुणक ६) प्रत्येक सॉलिटॉनला (आकार न बदलता पळणाऱ्या अशा एकट्या लाटेला) एक संख्या असते, तिला क म्हणू. लाटेची उंची २क², वेग ४क². म्हणजे उंच लाट जास्त वेगाने पळते.

आता क = २ आणि क = १ अशा दोन लाटा घ्या. उंची ८ आणि २, वेग १६ आणि ४. मागून येणारी मोठी लाट लहानीला गाठते. दोन्ही एकमेकींत पूर्ण मिसळतात त्या क्षणी उंची किती असेल? बेरजेने १० यायला हवी. प्रत्यक्षात ती ६ असते, एकट्या मोठ्या लाटेपेक्षाही कमी! आणि थोड्या वेळाने ८ आणि २ उंचीच्या त्याच दोन लाटा जशाच्या तशा बाहेर पडतात. फरक एवढाच की मोठी सुमारे ०.५५ ने पुढे सरकलेली असते आणि लहान सुमारे १.१० ने मागे पडलेली.

हे ६ कुठून आले? हिरोता यांनी १९७१ मध्ये लाटेऐवजी टाऊ नावाचं फल वापरलं. टाऊचा लॉग घ्या, क्ष च्या सापेक्ष दोनदा विकलन करा, २ ने गुणा, की लाट मिळते. दोन सॉलिटॉनसाठी टाऊ असा असतो: १ + पहिलं घातांकी पद + दुसरं घातांकी पद + (१/९) × दोघांचा गुणाकार. दोन्ही पदांचे सहगुणक ३ घेऊन मिलनाचा क्षण म्हणजे वेळ शून्य धरा. ई चा २क्ष हा घात म्हणजे प असं लिहा. लहान लाटेचं पद ३प, मोठीचं ३प², आणि शेवटचं ३ × ३ × १/९ म्हणजे नेमकं १, म्हणून प³. टाऊ झाला १ + ३प + ३प² + प³, म्हणजे (१ + प)³. शाळेतला घनाचा विस्तार! लॉग घेतल्यावर ३ बाहेर येतात, दोनदा विकलन केलं की माथा ६ वर. मी हे पहिल्यांदा वहीत केलं तेव्हा कितीतरी वेळ त्या ओळीकडेच बघत बसलो होतो.

सगळी करामत त्या १/९ ची आहे. तो म्हणजे (२ − १)/(२ + १) चा वर्ग. दोन्ही क सारखे घेतले तर हा अंक शून्य होतो. हे शून्य लक्षात ठेवा, कारण ली बीजगणित तिथूनच आत येतं.

काट्झ आणि मूडी यांनी १९६७-६८ च्या सुमारास स्वतंत्रपणे अनंतमितीय ली बीजगणितांचा एक मोठा वर्ग शोधला. त्यात पाण्याच्या लाटांचा विचारही नव्हता. त्यातल्या सर्वांत साध्या बीजगणिताला अफाइन एसएल-२ म्हणतात. १९७८ मध्ये लेपोव्स्की आणि विल्सन यांनी ते अनंत चलांच्या फलांवर चालणाऱ्या ऑपरेटरांनी (एका फलाचं दुसरं फल करणाऱ्या क्रियांनी) प्रत्यक्ष उभं केलं. त्यातले एक प्रकारचे ऑपरेटर म्हणजे व्हर्टेक्स ऑपरेटर, प्रत्येक क साठी एक. १ या स्थिर फलावर तो लावला की सॉलिटॉनचं घातांकी पद मिळतं. दोन वेगळ्या क चे ऑपरेटर एकापाठोपाठ लावले की गुणाकारापुढे तोच (क₁ − क₂)/(क₁ + क₂) चा वर्ग येतो. एकच ऑपरेटर दोनदा लावला तर शून्य. त्यामुळे त्याची घातांकी मालिका दुसऱ्याच पदावर थांबते: १ + अ × ऑपरेटर.

टाऊ = १ म्हणजे लॉग शून्य, म्हणजे शांत पाणी. या बीजगणिताच्या ग्रुपमधला (अशा घातांकी मालिकांपासून बनणाऱ्या संचातला) एक घटक शांत पाण्यावर चालवला की एक लाट उठते, दुसरा चालवला की दोन. तो १/९ त्या गुणाकारातून आपोआप पडतो. केडीव्हीचे अनंत संधारण नियमही (वेळेनुसार न बदलणाऱ्या राशी) याच बीजगणितातून येतात, त्यातल्या एकमेकांशी क्रमनिरपेक्ष असलेल्या भागातून.

आता तुमची मूळ शंका. टाऊवर ग्रुप रैखिकपणेच काम करतो. पण १ ला ग्रुपने जिथे जिथे नेलं त्या सगळ्या जागांचा संच, म्हणजे ऑर्बिट, सपाट नसतो. चार मितींमधली शून्यबिंदूतून जाणारी प्रतलं आठवा. प्रत्येक प्रतलाला सहा निर्देशक मिळतात, पण कोणतेही सहा अंक चालत नाहीत, प₁₂प₃₄ − प₁₃प₂₄ + प₁₄प₂₃ = ० हे प्लूकर समीकरण पाळावं लागतं. ते द्विघाती आहे, म्हणून दोन प्रतलांच्या निर्देशकांची बेरीज सहसा प्रतल देत नाही. मिकिओ सातो यांनी १९८१ मध्ये दाखवलं की हिरोतांची समीकरणं (टाऊला पाळावी लागणारी द्विघाती समीकरणं) म्हणजे अनंत मितींमधली प्लूकर समीकरणं आहेत (केपी या मोठ्या समीकरणमालेसाठी, केडीव्ही हा तिचाच एक भाग). क्योतोमध्ये दाते, जिंबो, काशिवारा आणि मिवा यांनी पुढच्या दोन वर्षांत याचा ली बीजगणिताशी असलेला संबंध पूर्ण उलगडला. म्हणजे अरैखिकता ही रैखिक अवकाशातल्या एका वक्र ऑर्बिटची खूण आहे.

वाचायला कुठून सुरुवात करायची, तर मुंबईतूनच करा. डिसेंबर १९८५ ते जानेवारी १९८६ मध्ये काट्झ यांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व्याख्यानं दिली. ती अशोक रैना यांच्यासह १९८७ मध्ये ‘बॉम्बे लेक्चर्स’ म्हणून पुस्तकरूपात आली. रेषीय बीजगणित पक्कं असेल तर ती झेपतात. पण त्याआधी वरचं (१ + प)³ एकदा स्वतःच्या हाताने करा, आणि मग क = ३, २, १ घेऊन (१ + प)⁶ येतं का ते बघा.