लहान कारागिराकडून मापाची सायकल बनवून घेताना काय पाहावे?

तयार सायकलीच्या मापांत आपले शरीर बसत नसेल, म्हणजे पाय लांब आणि धड आखूड किंवा त्याउलट असेल, तर मापाची पोलादी फ्रेम बनवून घेण्यात अर्थ आहे. केवळ वजन कमी व्हावे म्हणून हा खर्च करू नये, कारण हलकेपणात कार्बन फ्रेम तिला सहज मागे टाकते. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कारागिराकडून मापांचा पूर्ण आराखडा मागवावा. त्यात टायरची कमाल रुंदी, ब्रेकचा प्रकार आणि मागच्या हबसाठीचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागासाठीचे, अंतर (डिस्क ब्रेकसोबत क्विक रिलीज, म्हणजे खटक्याने सैल होणारा आस, असल्यास सहसा 135 मिमी; थ्रू ॲक्सल, म्हणजे फ्रेममधून आरपार जाणारा जाड आस, असल्यास 142 मिमी) नोंदलेले असावे, कारण नळ्या एकदा जोडल्या की हे बदलणे अवघड आणि खर्चिक ठरते. बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस जिथे फिरतो तो भाग) आट्यांचाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नळ्यांच्या नावाला लोक फार भुलतात, रेनॉल्ड्स 531 या पोलादी नळ्यांचा दबदबा तर 1935 पासूनचा. पण स्वाराचे आणि सामानाचे वजन पाहून नळीची जाडी व व्यास ठरवणे त्याहून महत्त्वाचे. प्रतीक्षा अनेकदा काही महिन्यांची, क्वचित वर्षाहूनही अधिक असते, म्हणून रक्कम परत मिळण्याच्या अटी आणि जोडांची हमी लेखी घ्यावी.