दोन फॉर्म १६, दोन्हींत कर शून्य. तरी पोर्टल पैसे का मागतंय?

प्रश्न : मी ठाणे पूर्वेला, कोपरीत भाड्याने राहतो. सप्टेंबर २०२५ पर्यंत अंधेरीच्या एका कंपनीत होतो, ऑक्टोबरपासून लोअर परळला आहे. पहिल्या फॉर्म १६ मध्ये (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) एकूण पगार ६,३०,००० आहे (त्यात निघताना मिळालेलं लीव्ह एन्कॅशमेंट, म्हणजे शिल्लक रजेचे पैसे, ३०,०००), दुसऱ्यात ६,९०,०००. दोन्हींत कर शून्य. रिटर्न भरायला बसलो तर पोर्टल ४६,८०० कर आणि वर व्याज दाखवतंय. चूक एचआरची असेल तर भुर्दंड मी का सोसायचा? महिना २८,००० भाडं, पीएफ-पीपीएफ आणि १८,००० चा मेडिक्लेम दाखवून जुन्या करप्रणालीत गेलो तर सुटेन का?

उत्तर : पोर्टलची बेरीज बरोबर आहे. मात्र तिच्यात गेलेला एक आकडा तुम्ही कमी करून घेऊ शकता, आणि तुमच्या प्रकरणात खरा पैसा तिथेच आहे. जुन्या करप्रणालीत नाही.

आधी कर शून्य कसा झाला ते पाहू. दोन्ही कंपन्यांनी नव्या करप्रणालीप्रमाणे आपापल्यापुरता हिशेब केला. दोघींनी ७५,००० ची प्रमाणित वजावट दिली आणि दोघींनाही तुमचं उत्पन्न १२ लाखांच्या आत दिसलं, म्हणून कलम ८७अ ची सूट लावून टीडीएस (पगारातून आधीच कापायचा कर) कापला नाही. पण प्रमाणित वजावट वर्षाला एकदाच मिळते आणि १२ लाखांची मर्यादा एकत्रित उत्पन्नाला लागते. ६,३०,००० अधिक ६,९०,००० म्हणजे १३,२०,०००. त्यातून ७५,००० गेले की १२,४५,००० उरतात.

यावर स्लॅबप्रमाणे कर ६६,७५० येतो. परंतु १२ लाखांच्या किंचित वर गेलेल्यांना कायद्याने मार्जिनल रिलीफ दिला आहे : जितकं उत्पन्न १२ लाखांवर, त्याहून जास्त कर नाही. म्हणून कर ४५,०००, त्यावर ४ टक्के सेस १,८००, एकूण ४६,८००. साधारण १२,७०,५०० पर्यंत हा रिलीफ चालतो. या पट्ट्यात करपात्र उत्पन्न एक रुपयाने घटलं की करही एक रुपयाने घटतो आणि वर सेस वाचतो. म्हणजे इथे एखादी वजावट मिळाली तर ती १५ टक्क्यांच्या नव्हे, शंभर टक्क्यांच्या भावाने मिळते.

आता ते ३०,०००. नोकरीत असताना रजा विकली तर पैसे पूर्ण करपात्र असतात. नोकरी सोडताना मिळालेल्या रजेच्या पैशांना मात्र कलम १०(१०कक) खाली सूट आहे, खासगी नोकरीत आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत. राजीनामा दिला तरी ही सूट मिळते; मुंबई उच्च न्यायालयाचा तसा निर्णय आहे. नव्या करप्रणालीतही ती शाबूत आहे, हे अनेक एचआरवाल्यांच्या गावीही नसतं. पहिल्या फॉर्म १६ चा भाग बी उघडा. ग्रॅच्युइटी आणि कम्युटेड पेन्शनच्या खाली लीव्ह एन्कॅशमेंटची ओळ आहे. ती कोरी किंवा शून्य असेल तर सूट दिलेली नाही.

सूट किती हे चार आकड्यांतल्या सर्वांत लहान आकड्यावर ठरतं : मिळालेली रक्कम, २५ लाख, दहा महिन्यांचा सरासरी पगार, आणि शिल्लक रजेचा सरासरी पगार (नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे जास्तीत जास्त ३० दिवस रजा धरून). इथे पगार म्हणजे बेसिक अधिक लागू असलेला महागाई भत्ता, आणि सरासरी शेवटच्या दहा महिन्यांची. तुमचं बेसिक ५०,००० आणि शिल्लक रजा १८ दिवस असेल तर बरोबर ३०,००० येतात आणि सगळी रक्कम सुटते. मात्र बेसिक एप्रिलमध्ये वाढलं असेल तर सरासरी खाली येते आणि थोडा भाग करपात्र राहतो. फुल अँड फायनलच्या (नोकरी सोडतानाच्या अंतिम हिशेबाच्या) कागदावर रजेचे दिवस लिहिलेले असतात, तो हाताशी ठेवून मोजा.

पूर्ण सूट धरली तर उत्पन्न १२,१५,०००, कर १५,०००, सेस ६००. ४६,८०० चे १५,६०० झाले. उलट बाजूही लक्षात ठेवा : बँकेच्या व्याजाचा आकडा तुम्ही कळवलेला नाही. ते असेल तर इथे रुपयाला रुपया कर वाढेल, कारण बचत खात्याच्या व्याजाची ८०टीटीए वजावट नव्या प्रणालीत नाही.

जुनी करप्रणाली मोजून पाहू. घर ठाण्यात असल्यामुळे घरभाडे भत्त्यासाठी बेसिकचे ४० टक्के धरतात. ऑफिस लोअर परळला असून उपयोग नाही, बघायचं ते घर कुठे आहे. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे, मुंबईच्या हद्दीत राहत असता तर ५० टक्के. पहिले सहा महिने बेसिक ५०,००० धरलं तर सूट महिना २०,०००. पुढचे सहा महिने बेसिक ६०,००० असेल तर ४० टक्के म्हणजे २४,०००; पण भाडं वजा बेसिकचे १० टक्के हा आकडा त्याहून लहान पडतो, म्हणून तोच धरायचा : महिना २२,०००. एकूण २,५२,०००. वर प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, पीएफ-पीपीएफचे ८०सी खालचे पूर्ण १,५०,०००, मेडिक्लेम १८,००० आणि रजेचे ३०,०००. एवढं सगळं करून करपात्र उत्पन्न ८,१७,५०० राहतं आणि कर सेससकट ७९,०४०. तेव्हा भाड्याच्या सवलतीसाठी घरमालकाच्या पॅनमागे धावू नका.

एचआरबद्दल. आधीच्या पगाराचा तपशील कर्मचाऱ्याने फॉर्म १२बी मध्ये दिला तरच नव्या मालकाला तो टीडीएससाठी धरावा लागतो. तुम्ही तो दिला नसेल तर व्याज त्यांच्याकडून वसूल होणार नाही. १५,६०० वर २३४सी चं (आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचं) ७८६ आणि जुलैत भरल्यास २३४बी चं (आगाऊ कर न भरल्याचं) ६२४ असं साधारण १,४१० व्याज लागेल. २३४बी दर महिन्याला १ टक्का चढतं आणि महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना धरतात, म्हणून ३० जूनला भरणं १ जुलैपेक्षा स्वस्त.

एकच फॉर्म १६ दाखवून रिटर्न भरायचा मोह टाळा. दोन्ही पगार तुमच्या एआयएसमध्ये (विभागाकडे असलेल्या तुमच्या उत्पन्नाच्या वार्षिक विवरणात) आहेत, आणि उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड कराच्या ५० टक्के आहे.

पोर्टलवर ई-पे टॅक्समधून निर्धारण वर्ष २०२६-२७ आणि सेल्फ असेसमेंट (३००) निवडून पैसे भरा. रिटर्नमध्ये दोन्ही पगार पूर्ण दाखवून करमुक्त भत्त्यांच्या यादीतून १०(१०कक) निवडा; एकूण पगारातून ३०,००० परस्पर वजा करू नका, आकडे जुळणार नाहीत. मुदत ३१ जुलै, त्यानंतर ५,००० विलंब शुल्क. भरल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा. फॉर्म १६ मध्ये सूट नसल्यामुळे विभाग विचारणा करू शकतो, म्हणून फुल अँड फायनलचा कागद, शेवटच्या दहा महिन्यांच्या स्लिपा आणि राजीनामा स्वीकारल्याचं पत्र एका पीडीएफमध्ये तयार ठेवा.