सभासद क्रमांकाच्या जागी ‘#नम!’ का दिसते?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची सभासद यादी एक्सेलमध्ये असून ती मी मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रामला म्हणजे अ‍ॅक्सेसला लिंक केली आहे. एक्सेलमध्ये सर्व नोंदी व्यवस्थित दिसतात; अ‍ॅक्सेसमध्ये मात्र ‘142/अ’ यांसारख्या क्रमांकांच्या आणि काही येणे रकमांच्या जागी ‘#नम!’ (#Num!) असे उमटते. फाइल बिघडली आहे काय?
— एक लिपिक, सातारा जिल्हा

उत्तर : फाइल शाबूत आहे. एक्सेलच्या एकाच स्तंभात आकडे व मजकूर सुखेनैव एकत्र राहतात, पण अ‍ॅक्सेसला प्रत्येक स्तंभाचा एकच प्रकार लागतो आणि तो लिंक करतेवेळी सुरुवातीच्या मोजक्या ओळी पाहून ठरवला जातो. आपल्या यादीच्या आरंभी निव्वळ आकडे असल्याने स्तंभ संख्येचा ठरला आणि पुढे आलेला ‘142/अ’ त्यात बसेना, म्हणून तेथे ‘#नम!’ उमटले.

रकमेच्या स्तंभात बहुधा कोणीतरी ‘निरंक’ किंवा नुसती आडवी रेघ लिहिली असावी. कार्यालयीन सवय ती! तेथे शून्य घाला किंवा जागा मोकळी सोडा. या स्तंभाला मजकूर करू नका, कारण मग बेरीज अडेल.

सभासद क्रमांकाची गोष्ट वेगळी. ज्या क्रमांकांची आपण कधी बेरीज करणार नाही, ते दिसायला आकडे असले तरी मजकूरच समजावेत. मात्र स्तंभाचे फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केल्याने आधी भरलेले आकडे बदलत नाहीत, आणि नेमके येथेच बहुतेकांची फसगत होते. त्यासाठी मूळ फाइलची प्रत ठेवून तो स्तंभ निवडा, ‘डेटा’ टॅबमधील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा, तिसऱ्या पायरीवर ‘टेक्स्ट’ निवडून ‘फिनिश’ दाबा. त्यानंतर चौकटींच्या कोपऱ्यात हिरवे त्रिकोण दिसले तर घाबरू नका. आकडा मजकूर म्हणून साठवल्याची ती खूण आहे.

ही सर्व दुरुस्ती एक्सेलमध्येच करावी लागते, कारण लिंक केलेल्या तक्त्यातील स्तंभाचा प्रकार अ‍ॅक्सेसमधून बदलता येत नाही. शेवटी फाइल जतन करून बंद करा, अ‍ॅक्सेसमधील जुनी लिंक काढून टाका (त्याने मूळ यादी पुसली जात नाही) आणि नव्याने जोडा. कर्जाच्या तक्त्याशी सभासद क्रमांकावरून जुळणी करीत असाल, तर तेथील क्रमांकही मजकूर प्रकारचा करून घ्या, अन्यथा ‘#नम!’ जाईल आणि क्वेरी (माहिती निवडण्याची वा जुळवण्याची आज्ञा) चालवताना ‘टाइप मिसमॅच’ची, म्हणजे प्रकार न जुळल्याची, तक्रार येईल.