लायगो-इंडियाच्या माहिती केंद्रात इंटरफेरोमीटरचं मॉडेल मुलांच्या गर्दीत टिकेल असं कसं बसवावं?

तुमचा प्रश्न औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियाबद्दल, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीच्या वेधशाळेबद्दल आहे: शाळेच्या सहली आल्या तरी चालू राहील असं मॉडेल हवंय. इंटरफेरोमीटर लेसरचा किरण दोन भुजांत विभागतो आणि आरशांवरून परत आणून एकत्र करतो; पडद्यावर उजेड-अंधाराचे पट्टे दिसतात आणि एखाद्या भुजेची लांबी जराशी बदलली की ते सरकतात. लेसर कुठला, हे नंतर बघा. आधी बैठक पक्की करा.

ओट्याला वापरतात तो 20 मिमी ग्रॅनाइट घ्या. 60 बाय 60 सेंमीचे दोन तुकडे इपॉक्सीने एकमेकांवर चिकटवा. वजन साधारण 40 किलो भरतं. अमेरिकेतल्या मूळ लायगो वेधशाळेचा एकेक आरसाही 40 किलोचाच असतो, हे मुलांना तिथेच सांगा. खाली स्कूटरची ट्यूब ठेवा, हवा अर्धीच. ॲल्युमिनियमची प्लेट हलकी, सोयीची. पण 20 सेंमीची एक भुजा दुसरीपेक्षा 1 अंशाने जरी तापली तरी 4.6 मायक्रॉन लांबते आणि पडद्यावरचे 15 पट्टे सरकतात. ग्रॅनाइटवर पाचच. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या हॉलमध्ये हा फरक फार मोठा आहे.

लेसर हीलियम-निऑन, 1 मिलिवॉटच्या आतला. त्याचा वीजपुरवठा हजार व्होल्टच्या वर असतो, म्हणून कुलूपबंद पेटीत. साधा पॉइंटर तापला की तरंगलांबी उडी मारते आणि पट्टे पुसट होतात. लाइट गेली की लेसरला पुन्हा स्थिरावायला अर्धा तास लागू शकतो, तेव्हा यूपीएस हवाच.

आरसे पुढच्या बाजूने मुलामा दिलेलेच घ्या. घरच्या आरशात काचेचे दोन्ही पृष्ठभाग प्रकाश परतवतात, मग दुहेरी ठिपके पडतात. धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवायची. रुमालाने पुसलं तर मुलामा ओरखडतो. जुळणीचे स्क्रू झाकून टाका, नाहीतर पहिल्याच तुकडीत कोणीतरी फिरवणार.

सगळ्यावर ॲक्रिलिकची पेटी. पंख्याची झुळूकही पट्टे थरथरवते. एका भुजेखाली मात्र फट ठेवा: मुलानं तिथे हात धरला की उबेने हवा विरळ होते आणि पट्टे सरकतात. हेच खरं प्रदर्शन. वर कॅमेरा आणि टीव्ही लावा, म्हणजे पन्नास जणांना एकदम दिसेल.

शेजारच्या फलकावर एवढंच: इथे आरसा 316 नॅनोमीटर सरकला की एक पट्टा पुढे जातो, 4 किमी भुजांच्या लायगोने 14 सप्टेंबर 2015 रोजी गुरुत्वीय लहरीमुळे भुजांच्या लांबीत झालेला, प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा बदल टिपला. ताणलेल्या कापडावर गोटी फिरवायचं मॉडेल मी ठेवणार नाही. ते गुरुत्वाकर्षणाची ओढ दाखवतं, गुरुत्वीय लहर नाही.