वाचकांचे प्रश्न: चोरलेला बेस

प्रश्न: बेसबॉलपटू डेव्ह रॉबर्ट्सने २००४ साली चोरलेल्या एका बेसचं अजून एवढं कौतुक का? आणि असा खेळाडू पुढे कोच म्हणून नेमकं काय शिकवतो? – वाचक, नाशिक

उत्तर: तारीख १७ ऑक्टोबर २००४. यँकीज संघाविरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स संघ सात सामन्यांच्या मालिकेत ०-३ ने मागे, आणि चौथ्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्येही ३-४ असा धावफलक. बॉस्टनच्या केविन मिलारला वॉक मिळाला (चार चेंडू बाहेर पडल्याने पहिला बेस फुकट) आणि त्याच्या जागी धावायला आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागातला क्षेत्ररक्षक) रॉबर्ट्स आला. तो चोरी करणार, म्हणजे फटक्याची वाट न बघता चेंडू टाकला जात असतानाच दुसऱ्या बेसकडे पळणार, हे साऱ्या मैदानाला ठाऊक होतं. यँकीजचा पिचर (चेंडू टाकणारा) मारियानो रिव्हेराने त्याला पकडायला तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. (२०२३ च्या नियमानुसार तिसरा असा प्रयत्न फसला तर रनरला दुसरा बेस आयताच मिळतो.) मग फलंदाजाला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर रॉबर्ट्स सुटला आणि थोडक्यात वाचला. बिल म्युलरच्या फटक्यावर बरोबरी झाली, बॉस्टन सामना जिंकलं, मालिकाही जिंकलं, आणि १९१८ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज ही विजेतेपदाची मालिकाही.

बेस चोरण्यात पायांइतकंच काम डोळ्यांचं असतं. पिचरची पहिली हालचाल ते कॅचरचा (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याचा) ग्लोव्ह, साधारण १.३ सेकंद. कॅचरकडून दुसऱ्या बेसपर्यंत आणखी २. म्हणजे रनरच्या हातात ३.३ सेकंद. बेसपासून १२ फूट पुढे उभं राहूनही बहुतेकांना याहून किंचित जास्तच वेळ लागतो. तो किंचित वेळ सुरुवातीलाच काढावा लागतो. उजव्या हाताच्या पिचरच्या टाचांवर नजर ठेवायची: उजवी आधी उचलली तर चेंडू पहिल्या बेसकडे येणार, डावी उचलली तर फलंदाजाकडे, तेव्हाच पळायचं. नवखे दोन चुका करतात. भार आधीच दुसऱ्या बेसकडे टाकतात, मग परतता येत नाही. आणि पहिल्याच पावलाला ताठ उभे होतात, तिथे वेग मरतो. डावा पाय उजव्यावरून नेत, वाकूनच सुटायचं.

पहिल्या बेसजवळचा कोच स्टॉपवॉच लावून हेच आकडे टिपतो आणि रनरच्या कानात सांगतो. रॉबर्ट्सने २०११ पासून सॅन दिएगो पाद्रेसमध्ये तेच काम केलं. कारकिर्दीत २४३ बेस चोरणाऱ्याला ते शोभूनही दिसलं. २०१६ च्या हंगामापासून तो लॉस एंजेलिस डॉजर्सचा मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) आहे आणि २०२०, २०२४, २०२५ च्या वर्ल्ड सिरीज त्याच्या संघाने जिंकल्या.

प्रश्न: आमचा मुलगा क्रिकेटमधून बेसबॉलकडे वळलाय. आउटफिल्डला उंच चेंडू त्याच्या डोक्यावरून जातात. – वाचक, न्यू जर्सी

उत्तर: तो बहुधा पहिलं पाऊल पुढे टाकतोय. अंदाज येईपर्यंत पहिलं पाऊल मागेच हवं: चेंडू ज्या खांद्यावरून जाणार त्या बाजूचा पाय मागे, कंबर वळवून, आणि मग धाव. उलट्या पावली पळू देऊ नका, त्यात डोकं हिंदकळतं आणि चेंडू डोळ्यांपुढे नाचतो. रोज वीस चेंडू हाताने त्याच्या डोक्यावरून फेका, दहा उजवीकडे, दहा डावीकडे.