'हेदर्स' बघून चीड आली ते बरोबरच आहे, फक्त ती कोणावर आली ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की १९८९ चा 'हेदर्स' एवढं नाव ऐकून बघितला, सगळे ब्लॅक कॉमेडी म्हणतात पण तुम्हाला हसू काही आलं नाही, व्हेरोनिका तीन खुनांत सामील असून सुटते, त्या जेडीला लोक डोक्यावर का घेतात कळत नाही, आणि तुमच्या १५ वर्षांच्या मुलीला हा दाखवावा की नाही. उत्तर लांबणार आहे आधीच सांगतो, कारण हा पिक्चर माझ्या फार जवळचा आहे आणि त्याच्यावर लोक काय काय बोलतात ते मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. शेवटासकट सगळं लिहितोय, बघायचा असेल त्यांनी आधी बघून या.

ज्यांना गोष्ट आठवत नसेल त्यांच्यासाठी, ओहायोतलं शेरवूड नावाचं गाव, तिथलं वेस्टरबर्ग हायस्कूल, आणि शाळेवर राज्य करणाऱ्या तीन मुली, तिघींचं नाव हेदर. चँडलर ही म्होरक्या, ड्यूक आणि मॅकनमारा तिच्या मागे. चौथी व्हेरोनिका, म्हणजे विनोना रायडर, तिला कंपूत घेतलंय कारण ती कोणाच्याही अक्षराची हुबेहूब नक्कल करते आणि असल्या लोकांना असं माणूस जवळ लागतंच. मग काळा कोट घालून जेडी येतो, ख्रिश्चन स्लेटर, आणि माणसं मरायला लागतात, प्रत्येक मरण आत्महत्या वाटेल अशा बेताने, चिठ्ठी अर्थातच व्हेरोनिकाच्या हातची.

आता हसण्याचं. बघणाऱ्यांत दोन तट पडतात आणि दोघंही एकच चूक करतात असं माझं मत आहे. एक तट म्हणतो पोरांच्या मरणावर विनोद म्हणजे विकृती, दुसरा म्हणतो अरे सटायर आहे, एवढं मनाला लावून घेऊ नका. पण विनोद नेमका कुठे ठेवलाय ते नीट बघा ना. चँडलर मेल्यानंतर स्टाफरूममधे मीटिंग भरते तो सीन आठवा. एक मुलगी गेलीय, आणि प्रिन्सिपलला चिंता काय तर सुट्टी किती द्यायची, पूर्ण दिवस की अर्धा, चीअरलीडर असती तर अर्ध्या दिवसाचा तरी विचार केला असता. एका शिक्षकाला कौतुक कशाचं, तर पोरीने चिठ्ठीत एक अवघड शब्द अचूक वापरला. आणि त्या फ्लेमिंग बाई, ज्यांना पोरांच्या भावना समजून घ्यायची फार हौस, त्या पुढे जाऊन सगळ्या शाळेला कॅफेटेरियात हात धरून उभं करतात आणि टीव्हीचे कॅमेरे बोलावतात. यात मेलेल्या पोरीवर कोणी हसत नाहीये. तिच्या मरणाचा ज्याला जसा जमेल तसा उपयोग करून घेणाऱ्या मोठ्या माणसांवर तो सगळा विनोद आहे, आणि तुम्हाला तिथे हसू न येता चीड आली असेल तर पिक्चर तुमच्यापर्यंत पोचला, मला तरी ते अपयश वाटत नाही.

आणि हसणं कुठे थांबवायचं तेही त्यात आहे, हे बरेच जण विसरतात. कर्ट आणि रॅम, फुटबॉल खेळणारी दोन पोरं, त्यांना मारून जेडी असा देखावा करतो की दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं आणि जगाने समजून घेतलं नाही म्हणून जीव दिला. चर्चमधे शवपेटीपुढे एक बाप रडून सांगतो की माझा पोरगा गे होता आणि मेला तरी माझं त्याच्यावर प्रेम आहे. जेडी व्हेरोनिकाच्या कानात म्हणतो की हाच पोरगा जिवंत असता तर बापाने काय केलं असतं, आणि तिला हसू फुटतं, आपल्यालाही फुटतं कारण मुद्दा खराच आहे. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक लहान मुलगी मागे वळून बघते, डोळे भरलेले. व्हेरोनिकाचा चेहरा तिथे जो उतरतो, तिथून पुढे ती आधीची राहत नाही. ज्या पिक्चरला लोक निर्दय म्हणतात त्यात हा सीन आहे. दिग्दर्शक मायकेल लेहमनने त्या मुलीला एक वाक्यही दिलेलं नाही.

गे लोकांवरच्या त्या विनोदांबद्दल आत्ताचे प्रेक्षक नाराज असतात, ते मी समजू शकतो. त्यातल्या शिव्या आज ऐकवत नाहीत. देखाव्यासाठी मिनरल वॉटरची बाटली ठेवली तरी त्या गावाला तेवढा पुरावा पुरतो, दोघं गे होते म्हणायला, इथे टोला गावाला आहे हे स्पष्ट आहे, पण टोला कोणालाही असो, शिवी ऐकणाऱ्याला शिवीच ऐकू येते आणि त्यासाठी कोणाला हा पिक्चर नको वाटला तर मी वाद घालणार नाही.

व्हेरोनिकाचं सुटणं हा खरा कळीचा मुद्दा आहे, तुम्ही तो काढलात हे फार बरं झालं. चँडलरच्या घरचा तो सकाळचा सीन परत लावून बघा. हँगओव्हरवरचा उपाय म्हणून तिला काहीतरी घाणेरडं प्यायला द्यायचं, इतकाच व्हेरोनिकाचा बेत, दूध आणि ऑरेंज ज्यूस एकत्र करायचं. जेडी दुसऱ्या कपात विषारी केमिकल ओततो, ती म्हणते मूर्खासारखं काय करतोस, आणि मग बोलता बोलता चुकून तिच्या हातात येतो तो त्याचा कप. जेडीच्या ते लक्षात येतं. तो सांगत नाही. सगळा जेडी त्या गप्प बसण्यात आहे, पुढची बंदूक आणि बॉम्ब नंतरची गोष्ट. पण व्हेरोनिकाचं काय, तर तिने आदल्याच रात्री डायरीत चँडलर मेली तर बरं होईल अशा अर्थाचं लिहून ठेवलेलं असतं, आणि कर्ट-रॅमच्या वेळी तो सांगतो गोळ्या खऱ्या नाहीत, नुसत्या बेशुद्ध करणाऱ्या आहेत, तर ती विश्वास ठेवते, आणि मला कायम वाटत आलंय की तिला ठेवायचा होता म्हणून तिने ठेवला. रायडर तेव्हा अवघी १६ ची होती आणि तरी तिने हे दोन्ही एका चेहऱ्यावर दाखवलंय, माहीत नाही असं आणि माहीत करून घ्यायचं नाही असं. कायद्याने तिला शिक्षा होत नाही हे खरंय, आणि हे पिक्चरचं कच्चं अंग आहे असं म्हणणाऱ्यांशी मी अर्धा सहमत आहे.

अर्धाच, कारण पडद्यावर व्हेरोनिका जेडीचा शाळा बॉम्बने उडवायचा डाव मोडते आणि बॉम्ब त्याच्यावरच फुटतो, पण शेवट मुळात असा नव्हताच. डॅनियल वॉटर्सच्या मूळ स्क्रिप्टमधे शाळा खरंच उडते आणि सगळे मेलेले स्वर्गात एकत्र प्रॉमला, म्हणजे शाळेच्या नाचाच्या पार्टीला, नाचतात, कंपूवाले, अभ्यासू, खेळाडू, सगळे एका हॉलमधे. स्टुडिओने तो शेवट घेतला नाही. ज्यांना तो जास्त धारदार वाटतो त्यांचं म्हणणं असं की फक्त मेल्यावरच ही पोरं एकत्र येतात यापेक्षा कडू काही असू शकत नाही, आणि स्क्रिप्ट म्हणून ते पटतं. पण मला पडद्यावर आहे तोच शेवट पाहिजे, आणि ते त्या लाल स्क्रंचीमुळे, म्हणजे केसांच्या कापडी रबरामुळे.

पिक्चर सुरू होतो तोच केसाला लाल स्क्रंची लावण्यापासून. चँडलरचा रंग लाल, ड्यूकचा हिरवा, मॅकनमाराचा पिवळा, व्हेरोनिकाचा निळा, कपडे बघत जा, अगदी काटेकोर पाळलंय. चँडलर मरते, शाळा सुटकेचा श्वास घेईल असं वाटतं, आणि थोड्याच दिवसांत ती स्क्रंची ड्यूकच्या केसात असते आणि ड्यूक लाल घालायला लागते. जी ड्यूक आधी बाथरूममधे जाऊन उलट्या काढायची आणि त्यावरून चँडलरचे टोमणे खायची, तीच आता टोमणे मारते, आणि जास्त जोरात. मला पिक्चरमधे सगळ्यात खरी वाटते ती ही गोष्ट. चँडलर वाईट होती हा प्रश्नच नव्हता, ती खुर्ची तशीच होती, आणि जेडी माणसं मारतो, खुर्चीला हात लावत नाही. उलट त्याला ती खुर्ची हवीच असते. ड्यूकचा लहानपणचा मार्थाबरोबरचा फोटो, म्हणजे ज्या मुलीला अख्खी शाळा जाडी म्हणून चिडवते तिच्याबरोबरचा, तो दाखवून जेडी ड्यूकला दाबतो आणि तिच्याकडून सगळ्या शाळेच्या सह्या गोळा करून घेतो. पोरं समजतात आवडत्या बँडला प्रॉमला बोलवायचं पिटिशन आहे, आणि प्रत्यक्षात त्याची होणार असते अख्ख्या शाळेची आत्महत्येची चिठ्ठी. कोणीही वाचत नाही, कारण ड्यूकने सांगितलंय. म्हणून शेवटी व्हेरोनिका काजळी माखलेल्या तोंडाने आत येते, ड्यूकच्या केसातून स्क्रंची काढून घेते आणि सरळ जाते ती मार्थाकडे, प्रॉम सोडून घरी बसून व्हिडिओ बघूया का विचारायला, तेव्हा मला ते गोड वगैरे वाटत नाही. पुढे ती तिसरी चँडलर होणार का ही शंका राहतेच, लाल आता तिच्याकडे आहे. स्वर्गातल्या प्रॉममधे ही शंका उरली नसती.

जेडीला डोक्यावर घेण्याबद्दल. स्लेटर देखणा आहे, डायलॉग त्यालाच चांगले मिळालेत, आणि शाळेत कधी ना कधी चिरडल्यासारखं ज्याला वाटलंय त्याला पहिली २० मिनिटं तो आपला माणूस वाटतो. ते वाटलंच पाहिजे, नाहीतर व्हेरोनिका त्याच्या मागे गेली हे पटणार नाही. आई त्याच्या डोळ्यादेखत, बाप पाडणार असलेल्या इमारतीत शिरून मेली हेही तो सांगतो. पण बघणाऱ्यांतला एक मोठा वर्ग आज याच गोष्टीवरच्या म्युझिकलमधून, म्हणजे गाण्यांच्या नाटकातून येतो, २०१४ ला ते ऑफ-ब्रॉडवेला, म्हणजे न्यूयॉर्कच्या छोट्या थिएटरांत आलं, २०१८ ला लंडनला, आणि गाण्यात माणूस स्वतःचं दुःख गायला लागला की त्याचं सगळं माफ वाटायला लागतं, तिथला जेडी बराच मऊ आहे. त्या लोकांशी बोलताना मला नेहमी असं दिसतं की ते एका जेडीबद्दल बोलतायत आणि पिक्चर बघितलेले दुसऱ्याच. म्युझिकलवाल्यांनीही हळूहळू बदल केलेत हं, व्हेरोनिकावर जबरदस्ती करू पाहणाऱ्या दोन पोरांचं एक विनोदी गाणं होतं ते लंडनच्या वेळी काढून दुसरं घातलं, आणि ते बरंच झालं.

धंद्याच्या बाजूने हा पिक्चर तेव्हा पडला, साधारण ३० लाख डॉलरच्या खर्चात अमेरिकेत ११ लाखांच्या आसपास मिळाले, नाव झालं ते नंतर व्हिडिओ कॅसेटवर. अमेरिकेतल्या कोलंबाईन शाळेत १९९९ ला झालेल्या गोळीबारानंतर मात्र काळा कोट घालून शाळेत बंदूक काढणारा पोरगा कोणालाच आधीसारखा बघता आला नाही, आणि तुम्हाला हसू न येण्यात त्याचाही वाटा असणार.

आता मुलीचं. अमेरिकेत याला आर रेटिंग आहे, म्हणजे १७ च्या खालच्यांनी पालकांबरोबर बघायचा, आणि मी ते शब्दशः घेईन, बरोबर बसून बघा. ती सध्या कशातून तरी जात असेल, मैत्रिणींनी वाळीत टाकलंय, खाणं बिघडलंय, जगण्याबद्दल काही काळं बोललीय, तर आत्ता नको, आधी तिच्याशी बोला आणि गरज वाटली तर डॉक्टरांशी, पिक्चर कुठे पळून जात नाही. ती ठीक असेल तर दोन जागांवर सावध रहा. एक, मार्था छातीवर चिठ्ठी लावून गाड्यांपुढे चालत जाते आणि वाचते, आणि शाळा तिला हसते की हिला हेही जमलं नाही. दुसरी, मॅकनमारा बाथरूममधे गोळ्या घ्यायला निघते. जेडीचं शेवटचं मरण सोडलं तर आत्महत्येचे खरे प्रयत्न हे दोनच, बाकी सगळे खून आहेत, आणि या दोन्हींत पिक्चर एकदम वेगळा वागतो. मॅकनमाराला व्हेरोनिका स्वतः जाऊन थांबवते, आणि तिचं समजावणं अगदी साधं असतं, भाषण नाही. तिथे हवं तर पॉज करा आणि मुलीला बोलू द्या. ती काही बोलली नाही तरी ओढून काढू नका, दुसऱ्या दिवशी आपणहून येतात मुलं.

आधी काहीतरी हलकं दाखवायचं असेल तर २००४ चा 'मीन गर्ल्स' आहेच, तो दिग्दर्शित केलाय मार्क वॉटर्सने, डॅनियलचा सख्खा भाऊ. त्यात कंपू शेवटी मोडतो आणि सगळ्या आपापल्या वाटेला लागतात, बघताना बरं वाटतं, आणि १५ व्या वर्षी तेवढं बरं वाटायला हरकत काय.

याच नावाची २०१८ ची टीव्ही सिरीज सोडून द्या. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर ती पुढे ढकलली, मग काटछाट करून ऑक्टोबरमधे दाखवली, पण अडचण तारखेची नव्हती. तिच्यात कंपूच बदललाय, जाडी मुलगी, पुरुष की बाई या चौकटीत न बसणारं पोर आणि एक काळी लेस्बियन मुलगी, म्हणजे शाळेत ज्यांना खरोखर त्रास होतो त्यांनाच गुंड करून टाकलंय. ज्या मार्थासाठी मूळ पिक्चर शेवटी थांबतो तिलाच इथे आरोपी केल्यासारखं आहे, मला ते फार लागलं. म्युझिकल जरूर ऐका, गाणी छान आहेत, पण मुलीला आधी पिक्चर आणि मग गाणी अशा क्रमाने द्या, उलटं केलं तर जेडीची बाजू आधी मनात बसते आणि मग तो कपाचा सीन बघताना त्याचं गप्प बसणं नजरेतून निसटतं.